परमुलखातील पंडिता रमाबाई



सोलापूरहून हैदराबादेस जाणारा मोठा रस्ता नळदुर्ग सोडून उमरग्याच्या दिशेने निघाला, म्हणजे वाटेत जळकोट हे गाव लागते. या रस्त्याने आपल्या भागातील किती कुटुंबे परमुलखास गेली याचा हिशेब कोणी ठेविलेला नाही. पूर्वी सोलापूरच्या कापडगिरण्यांत काम मिळे म्हणून माणसे पश्चिमेकडे गेली. त्या काळी निजामाची हद्द ओलांडली की मनुष्य दुसऱ्या राज्यात जाई. हद्दीपलीकडे रुपया निराळा आणि कचेरीची भाषाही निराळी. आज कोणी हैदराबादेस मजुरीला जातो, कोणी पुण्यास कारखान्यात जातो, कोणी कोयता व पोरेबाळे घेऊन उसाच्या तोडीसाठी कर्नाटकाची वाट धरतो. इतकेच काय, पण जळकोटच्या ज्या वृद्धांनी गावची शीव कधी सोडली नाही, त्यांच्याही पायांखालचे राज्य बदलले. ते जन्मले हैदराबाद संस्थानात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहेत.

असे कुटुंब गावातून निघाले म्हणजे आपण त्यांच्या दारी जमून प्रार्थना करितो, वाटेला भाकरी बांधून देतो आणि निरोप देतो. पुढे मात्र त्यांचे काय होते? काही जण नव्या ठिकाणी रुजतात. काही जण दहा वर्षे तेथे राहूनही पाहुण्यासारखे राहतात. त्यांना तेथली भाषा येत नाही, शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते, आणि मन मागे गावात अडकलेले असते. आणखी काही जण तर नव्या मुलखाला असे भुलतात की आईबापांनी शिकविलेले चांगले तेही टाकून देतात. परमुलखात जाऊन नवे जीवन कसे मांडावे, काय शिकावे, काय राखावे, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांपुढे दरसाल उभा राहतो. म्हणून ज्या बाईचा सारा जन्म परमुलखात गेला आणि जिने अखेरीस परमुलखातल्या हजारो अनाथांना घर दिले, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने आज पाहू.

रमाबाईंची कथा सांगू लागले की ती त्यांच्या मातोश्रींपासून सुरू करावी लागते, आणि तिचा आरंभ आपल्या मराठवाड्यातच होतो. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर प्रांतातील मराठी ब्राह्मण. त्यांनी तरुणपणी पुण्यास विद्या केली. तेथे पेशव्यांच्या घरातील एक स्त्री शुद्ध संस्कृत म्हणते हे पाहून त्यांना मोठे नवल वाटले, आणि आपल्याही घरी स्त्रियांस ही विद्या द्यावी असा हेतू त्यांनी मनात धरला. पहिली पत्नी वारल्यावर यात्रा करीत असता पैठणास गोदावरीच्या घाटावर त्यांची एका यात्रेकरू ब्राह्मणाशी गाठ पडली. त्या गृहस्थाबरोबर त्यांची नऊ वर्षांची मुलगी होती. एका दिवसाच्या ओळखीवर बोलणे झाले, दुसऱ्या दिवशी लग्न लागले, आणि ती बालिका लक्ष्मीबाई चाळिशी ओलांडलेल्या पतीबरोबर शेकडो मैल दूर दक्षिणेस गेली. भाषा अनोळखी, माणसे अनोळखी, आईबाप पुन्हा दिसण्याची आशा नाही. आपल्या कित्येक आज्या-पणज्यांची कथा याहून फार निराळी नव्हती. अंतर कमी असेल, पण रडणे तेच.

अनंतशास्त्र्यांनी या पत्नीस संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. जातीतील लोकांस ते रुचले नाही. तेव्हा शास्त्रीबोवांनी वस्ती सोडिली आणि पश्चिम घाटातील गंगामूळ नामक रानात जाऊन घर बांधिले. पहिल्या रात्री आसऱ्यास छप्परही नव्हते, आणि वाघाच्या डरकाळ्या ऐकू येत होत्या. त्या अरण्यातील घरी २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंच्या पाहुणचारात व कज्ज्यांत संपत्ती सरली, तेव्हा हे कुटुंब यात्रेस निघाले. त्या वेळी रमाबाई सुमारे सहा महिन्यांच्या होत्या. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून एका मजुराच्या डोक्यावरून डोंगराखाली आणिले. घर सोडून जाण्याचा त्यांचा तो पहिला प्रसंग. पुढे चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात असे प्रसंग इतके आले की त्यांची गणती करणे कठीण.

डोंगरे कुटुंबाचा उद्योग म्हणजे पुराण सांगणे. क्षेत्राच्या ठिकाणी देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसावे, पुराण वाचावे, लोकांनी फुले, फळे, धान्य, पैसा पुढे ठेवावा, त्यावर चरितार्थ चालवावा. या भटकंतीत मुलीचे शिक्षण मात्र एक दिवस थांबले नाही. लक्ष्मीबाई पहाटे काळोखातच तिला उठवीत व संस्कृत श्लोक पाठ करून घेत. ज्या गावी जावे तेथली बोली कानांवर पडे व ती मुलीच्या जिभेवर बसे. मराठी घरची, कानडी, हिंदुस्थानी व पुढे बंगाली या वाटेवरच्या. घर, शेत, पैसा यांपैकी काहीच या मुलीच्या वाट्यास आले नाही; पण आईने दिलेली विद्या हेच तिचे गाठोडे झाले, आणि हे गाठोडे कोणत्याही नाक्यावर कोणी उतरवून घेऊ शकत नव्हता.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. शास्त्रीबोवा वृद्ध व अंध झाले होते. मजुरी करण्याची सवय नव्हती, मागण्याची लाज वाटे. दागिने गेले, भांडी गेली, धडके वस्त्रही गेले. कुटुंबाने रानातील पाला व कंद खाऊन दिवस काढिले. प्रथम वडील वारले, काही महिन्यांनी आई वारली, आणि मग थोरली बहीण पटकीने गेली. आईच्या प्रेतास खांदा देण्यास माणसे पुरेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमाबाई. त्या उंचीने लहान असल्यामुळे त्यांना आपल्या बाजूचा भार खांद्यावर घेता येईना. तो त्यांनी डोक्यावर घेतला. वाचकहो, परमुलखात मरण आले असता चार खांदे मिळणे किती अवघड असते, हे तुमच्यापैकी कित्येकांस ठाऊक आहे. रमाबाईंनी हे कधी विसरले नाही, आणि त्यांच्या पुढील कार्याचे मूळ या आठवणीत आहे असे म्हटल्यास चूक होणार नाही.

आता भाऊ व बहीण दोघेच उरली. ती पायी उत्तरेस निघाली. हजारो मैलांची ती वाट. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने प्राण जाऊ लागले. अंगावर पुरेसे वस्त्र नव्हते. तेव्हा त्या दोघांनी वाळूत मनुष्य मावेल असे दोन खड्डे खणिले, त्यांत निजून केवळ डोके उघडे ठेविले, आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढिली. कधी मूठभर चणे मीठ लावून खावे, कधी रानबोरे. या वाटेवर त्यांनी देशभरच्या विधवांचे व लहान वधूंचे हाल पाहिले, आणि पुराणात वाचलेल्या देवाधर्माविषयीही त्यांच्या मनात शंका उभ्या राहिल्या.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथे सारे पालटले. वीस वर्षांची मराठी मुलगी संस्कृतात धारेसारखी बोलते हे पाहून तेथील विद्वान चकित झाले. त्यांनी तिची परीक्षा घेऊन पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या मुलीस काल कोणी ओवरीत जागा देत नव्हते, तिला आज सभांतून आमंत्रणे येऊ लागली. याच शहरात एका ख्रिस्ती घरी जमलेल्या मंडळीस त्या भावासह गेल्या. पंक्ती नाहीत, लोक खुर्च्यांवर बसलेले, चहा पीत व बिस्किटे खात आहेत, हे पाहून त्यांना वाटले की आता कलियुग पुरते आले. कोणी तरी त्यांना संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र दिले. ते त्यांनी ठेवून घेतले, परंतु त्या वेळी त्यातून काही उमगले नाही. आपल्या उपदेशकांनी हे लक्षात ठेवावे. परक्याच्या डोळ्यांनी पाहिले तर आपली मंडळीही विचित्र दिसते. पहिल्याच भेटीत कोणी परत फिरला तर त्याला दोष देण्याचे कारण नाही.

१८८० साली डाक्क्यास बंधू श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी कायद्याप्रमाणे विवाह केला. ते जातीने शूद्र मानले जात, रमाबाई ब्राह्मण. त्यामुळे दोन्हीकडचे लोक तुटले. आसामातील सिल्चर या गावी त्यांनी बिऱ्हाड केले. जन्मापासून ज्या बाईला स्वतःची चूल अशी मिळाली नव्हती, तिला पहिल्याने घर मिळाले. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली. पतीच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक त्यांना सापडले व ते त्या आवडीने वाचू लागल्या. गावातील एक बाप्तिस्त मिशनरी येऊन त्यांना शास्त्र समजावून देत. परंतु हे घर दोन वर्षेही टिकले नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने मेधावी वारले. परमुलूख, जातीचा आधार नाही, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, आणि वय चोवीसही पुरे नाही, अशी रमाबाईंची अवस्था झाली.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. कोणास वाटेल की आता तरी त्या आपल्या मुलखात आल्या. भाषा मराठी, लोक मराठी. परंतु पुण्यात त्यांचे कोणी नव्हते, आणि शूद्राशी लग्न केलेली विधवा मोकळेपणे सभेत बोलते हे पुष्कळांस खपेना. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांना आधार दिला. बाई नुसत्या आधारावर बसून राहिल्या नाहीत. काही महिन्यांच्या आत त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि सरकारी शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात असे निक्षून सांगितले. त्याच वेळी एका मिशनरी बाईपाशी त्या इंग्रजीची मुळाक्षरे शिकत होत्या. ज्यांना सारे कलकत्ता पंडिता म्हणत होते, त्यांना लहान मुलासारखे अक्षर गिरविण्यात कमीपणा वाटला नाही. नव्या ठिकाणी जाऊन रुजण्याची पहिली किल्ली हीच. आपण गावी कोण होतो हे मागे ठेवून जो शिकावयास बसतो, त्याचे पाय लवकर रोवतात.

पुस्तकाच्या पैशांतून प्रवासखर्चाची तजवीज करून एप्रिल १८८३ मध्ये बाई विलायतेस निघाल्या. वैद्यकी शिकून यावे असा त्यांचा मानस होता. बरोबर दोन वर्षांची मनोरमा व आनंदीबाई भगत नावाची सोबतीण. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. आपण नुसत्या सोलापूरच्या चाळीत गेलो तर गोंधळून जातो. येथे तर बर्फाचा देश, दिवसा अंधार, आणि आजूबाजूस सारे मांसाहारी. त्यात त्यांचे कान अधू होत चालले होते. ऐकू येईना, म्हणून वैद्यकीचा बेत सोडावा लागला. काही महिन्यांतच आनंदीबाई मरण पावल्या, आणि स्वभाषेत दोन शब्द बोलावयास मोठे असे कोणी उरले नाही. त्या दिवसांत बाईंच्या मनाची काय दशा झाली असेल याची कल्पना करावी.

तरी त्या मोडल्या नाहीत. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्या स्वतः संस्कृत शिकवीत व गणित, शास्त्रे आणि ग्रीक शिकत. मठातील भगिनींबरोबर लंडनजवळ फुलहॅम येथे त्यांनी एक घर पाहिले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांस तेथे प्रेमाने ठेवून घेत व काम शिकवीत. आपल्या देशात अशा स्त्रीला कोणी उंबऱ्याजवळ उभी करीत नाही. येथे मात्र कुलीन स्त्रिया तिची सेवा करितात, हे कसे? भगिनींनी त्यांना ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगितली. ती कथा बाईंच्या अंतःकरणास जाऊन भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट आपल्या नव्या विश्वासी बंधूंनी नीट ध्यानात घ्यावी. बाईंनी धर्म बदलला, देश बदलला; पण त्यांनी आपले लुगडे टाकिले नाही, आणि मांसाहारास त्या जन्मभर शिवल्या नाहीत. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली आहेत हे पाहून त्यांनी विचारणा केली की आपल्या पूर्वजांची संस्कृत भाषा येथे का चालू नये; लॅटिन ही देवाला अधिक प्रिय आहे असे कोठे लिहिले आहे? शिक्षिकांशी त्यांचे यावरून व धर्मतत्त्वांवरून पुष्कळ वाद झाले. ज्यांच्या घरचे अन्न आपण खातो त्यांच्याशी वाद घालणे सोपे नसते. तथापि उपकार मानणे निराळे व मान तुकविणे निराळे, हे त्यांना कळत होते. जे शिकण्यासारखे दिसले ते त्यांनी मनापासून शिकून घेतले. जे आपले व निर्दोष होते ते त्यांनी लाजून टाकिले नाही.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी बाई अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी गेल्या. दोन-चार महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. लहान मुलांस खेळातून शिकविण्याची बालोद्यान पद्धती त्यांनी तेथे अभ्यासिली, उच्च जातीतील हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत १८८७ साली पुस्तक लिहिले, आणि गावोगाव व्याख्याने दिली. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या साह्यार्थ एक मंडळ स्थापन झाले व त्याने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले. परत आल्यावर त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत मोठे पुस्तक लिहून १८८९ साली प्रसिद्ध केले. परमुलखात जे पाहिले ते घरच्यांच्या उपयोगी पडावे, ही त्यांची रीत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. विधवांसाठी ते शाळाही होते व घरही. पहिल्या मुलींत गोदूबाई होत्या. पुढे याच धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात मुलींना आपापल्या जातीचे सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती. विलायतेत आपल्यावर कोणी लादू पाहिले तर काय वाटते हे बाईंनी भोगले होते. म्हणून नव्याने घरात आलेल्या मुलींवर त्यांनी काही लादले नाही. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. बाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत व ज्या मुलींस यावेसे वाटे त्या येऊन बसत. यावरून पुण्यात मोठा गहजब उठला. १८९३ साली सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी अंग काढून घेतले, आणि पालकांनी वीसपंचवीस मुली घरी नेल्या. अकरा वर्षांपूर्वी ज्या शहराने आश्रय दिला त्याच शहरात त्या पुन्हा परक्या ठरल्या. नव्या ठिकाणी मिळालेला मान किती पातळ असतो हे येथे दिसते. तरी बाईंनी दार लाविले नाही, व शाळाही बंद केली नाही.

पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर दौंडाच्या अलीकडे केडगाव हे स्टेशन आहे. आपल्यापैकी जे पुण्यास गेले असतील त्यांनी ते पाहिले असेल. तेथे बाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळझाडे लावून त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवावे, कोणावर भार पडू नये, एवढाच बेत होता. परंतु १८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला, आणि बाईंस आपली आई, आपली बहीण, आपले रानातील दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या. रस्त्याकडेला, धर्मशाळांत, अन्नछत्रांजवळ मुली मरत पडल्या होत्या. काहींवर दुष्ट लोकांचा डोळा होता. सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा बाईंनी आणविल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता व तेथे गर्दी करण्यास सरकारची मनाई झाली. म्हणून या मुली केडगावास उघड्या माळावर आल्या. तंबू व गवताच्या झोपड्या हेच पहिले घर. गंगामुळाच्या रानातील पहिली रात्र जणू पुन्हा आली.

आता या मुलींची स्थिती पाहा. भाषा हिंदी, मुलूख मराठी. हाडांवर कातडे, अंगावर फोड. कित्येकींचे आईबाप डोळ्यांदेखत गेलेले. जेवण दिले तर हिसकावून घ्यावे, उद्या मिळेल याचा भरवसा नाही म्हणून भाकरी लपवून ठेवावी, आंघोळीस नको म्हणावे, रागाने चावावे. असल्या मुलींस प्रथमच शिस्त लावू लागले तर त्या पळून जातात. बाईंनी शारदा सदनातील जुन्या मुलींस एकेकीकडे काही नव्या मुली सोपवून दिल्या. जी स्वतः काही वर्षांपूर्वी भेदरून आली होती तीच आता नवीच्या जखमा धुऊ लागली, केस विंचरू लागली, मराठी शब्द शिकवू लागली. प्रथम पोटभर अन्न, मग स्वच्छता, मग भाषा, मग काम, मग अक्षर, असा क्रम तेथे चाले. या वस्तीस त्यांनी मुक्ती हे नाव दिले. १९०० साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही मुली आल्या, आणि मुक्तीतील माणसांची संख्या एकोणीसशेच्या आसपास गेली. मराठी, हिंदी, गुजराती अशा बोली एकाच विहिरीवर ऐकू येऊ लागल्या.

एवढ्या जिवांस नुसते खाऊ घालून भागत नाही. रिकामा हात परमुलखात मनुष्यास लवकर खचवितो, हे बाई जाणून होत्या. त्यांनी विहिरी खणविल्या, शेत व बाग लाविली, गाईगुरे ठेविली. कोणी माग चालवी, कोणी शिवण शिवी, कोणी घाण्यावर तेल काढी, कोणी धोबीकाम करी, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. आंधळ्या मुलींसही त्यांनी काम व वाचन यांवाचून ठेविले नाही. मनोरमाबाई उठावाच्या अक्षरांची विद्या परदेशातून शिकून आल्या होत्या, ती त्यांनी या मुलींना दिली. फसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले; फुलहॅमास जे पाहिले होते ते केडगावच्या माळावर उभे राहिले. पुढे आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यासही मायलेकींनी मुलींची शाळा काढिली, आणि निजामाच्या राज्यातील मुलींसही तो लाभ मिळाला.

म्हातारपणी बाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. मुक्तीत येणाऱ्या खेडवळ व परभाषी मुलींना पवित्र शास्त्राच्या मराठीतील पंडिती शब्द कळत नाहीत असे त्यांना दिसून आले. ज्या बाईला संस्कृत पाण्यासारखे येत होते, त्याच बाईने ठरविले की शेतात राबणाऱ्या बाईस कळेल अशा सोप्या मराठीत सारे शास्त्र उतरवावयाचे. त्यासाठी त्यांनी ग्रीक व इब्री यांचा अभ्यास केला. सुमारे सतरा-अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे हे सारे मुक्तीतील स्त्रियांनी केले. ज्या मुली अक्षरशत्रू व भुकेने वेड्या होऊन आल्या होत्या, त्यांच्याच हातून ते पुस्तक छापले गेले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. पेटाऱ्यातून निघालेल्या त्या जिवाची जन्मभराची सोबत सुटली. तरी बाई भाषांतराच्या कामावर बसून राहिल्या. शेवटची मुद्रिते तपासून झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच ख्रिस्तवासी झाल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. मातेच्या प्रेतास खांदा देण्यास ज्यांना चौथा मनुष्य मिळाला नव्हता, त्यांच्यासाठी रडणाऱ्या शेकडो मुली त्या दिवशी केडगावास होत्या. ते घर आजही चालू आहे.

वाचकहो, हे चरित्र आपण कौतुकासाठी वाचून ठेवून द्यावे असे नाही. बाईंची विद्वत्ता आपणांस येणार नाही, व त्याची गरजही नाही. परंतु परमुलखात नवे जीवन मांडणाऱ्यास त्यांच्यापासून घेण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत. जेथे जाल तेथली बोली शिका, आणि शिकताना लाजू नका. तेलंगणात गेलेल्या मजुराच्या बायकोने चार तेलुगु शब्द शिकले तर बाजारात, दवाखान्यात व शाळेत तिचे कोणी फसविणार नाही. हातास काम असू द्या. मुलांचे शिक्षण फडावर वा चाळीत थांबू देऊ नका. लक्ष्मीबाईंनी चालत्या वाटेवर मुलीस शिकविले हे आठवा. आणि जे आपले निर्दोष आहे, म्हणजे भाषा, पेहराव, आईची शिकवण, ते नव्या लोकांस खूष करण्यासाठी फेकून देऊ नका.

याहून मोठी गोष्ट मात्र जाणाऱ्यास नव्हे, तर राहणाऱ्यास सांगावयाची आहे. रमाबाईंस ठिकठिकाणी कोणी तरी दार उघडले म्हणून त्या जगल्या. आणि पुष्कळ ठिकाणी दार लागले म्हणून त्यांचे आईबाप, बहीण व भाऊ वाटेतच गेले. आपल्या मंडळीत आज कोणी परके कुटुंब येऊन शेवटच्या चटईवर बसते, तेव्हा आपण पहिला प्रश्न कोणता विचारितो? कोणत्या गावचे, कोणत्या वाड्यातले, कोणाचे पाहुणे, हेच ना? धर्म एक म्हणून सांगावे आणि जुनी जात मनात ठेवून पंक्तीत जागा सरकवावी, असे आपल्या हातून होत नाही काय? पुण्याच्या लोकांस बाईंच्या बाबतीत दोष देणे सोपे आहे. त्याच मापाने आपणही आपल्यास मोजून पाहावे.

म्हणून प्रत्येक गावच्या उपदेशकास माझी नम्र विनंती आहे. यंदा तोडीस वा मजुरीस जी कुटुंबे बाहेर पडतील त्यांची नावे व ठिकाणे वहीत लिहून ठेवा. त्यांच्याजवळ मंडळीची चिठ्ठी द्या, आणि जेथे ती जातील तेथल्या पाळकास आधी कळवा. महिन्यातून एकदा त्यांचा समाचार घ्या. तसेच जे कोणी परमुलखातून आपल्या गावी आले असतील, ते आपल्या मंडळीचे असोत वा नसोत, त्यांच्या घरी या रविवारी एखाद्या बहिणीस पाठवा. जुन्या मुलीने नवीच्या जखमा धुवाव्या, ही केडगावची रीत आपल्या गावीही चालू शकते. त्यास शंभर एकर जमीन लागत नाही. एक तांब्या पाणी, एक भाकरी व उघडे दार एवढे पुरे आहे.

देव परमुलखातील सर्वांस सांभाळो, आणि आपल्यास त्यांचे शेजारी होण्याची बुद्धी देवो.